गाठ आणि अनुसंधान

खोडदच्या माळावर आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीच्या थाळ्या ज्या संस्थेच्या आहेत, तिचे हिंदी नाव ‘टाटा मूलभूत अनुसंधान संस्थान’ असे आहे. आपण मराठीत तिथे ‘संशोधन’ हा शब्द घालतो आणि पुढे जातो. पण ओतूरला मांडवीच्या काठी, चैतन्य महाराजांच्या मंदिरात दिवेलागणीला बसणाऱ्या आम्हा चार म्हाताऱ्यांपैकी कुणापुढेही ‘अनुसंधान’ हा शब्द काढा, त्याला दुर्बीण आठवणार नाही. त्याला आठवेल तो नामाशी लागलेला मनाचा धागा, जो हात कांदा निवडत असताना, बाजार समितीत भावासाठी हुज्जत घालत असतानाही आत कुठेतरी लागलेला राहावा अशी संतांची अपेक्षा असते. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या प्रवचनांत हा शब्द पुनःपुन्हा येतो, तो याच अर्थाने. एकाच जुन्नर तालुक्यात या शब्दाची दोन घरे आहेत, आणि त्या दोन घरांत रोटीबेटीचा व्यवहार नाही असेच मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. तो समज मोडला एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याने, जो गेल्या आषाढात इंटरनेटची तार ओढून झाल्यावर आमच्या घराच्या भिंतीला बसला.

आधी शब्दाची फोड करू. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, ‘सम्’ म्हणजे नीट, एकत्र, आणि ‘धान’ आले आहे ‘धा’ या धातूपासून, ज्याचा अर्थ ठेवणे, धारण करणे. या एका धातूने आपल्या परमार्थाची निम्मी भाषा पोसली आहे. श्रद्धा, अवधान, समाधान, समाधी, इतकेच काय, मध्ये येणाऱ्या अडथळ्याला आपण व्यवधान म्हणतो तेही, ही सारी याच ‘धा’ची लेकरे. बाण प्रत्यंचेला लावणे ते शरसंधान, दोन वर्णांचा जोड तो संधी. संधान म्हणजे जोड, आणि जोड एकदाच साधावा लागतो. पण त्याच्यामागे ‘अनु’ लागला की काम एकदाचे राहत नाही, जोडलेल्याच्या मागोमाग जात राहणे, सुटले तर पुन्हा लावणे आणि सुटले नसले तरी ते लागलेले आहे ना हे पाहत राहणे, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येऊन बसते. ‘इंटरनेट लावून घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात फक्त संधान असते. ‘अनु’ आपल्या हिशेबातच नसतो, म्हणून चौथ्या दिवशी तक्रार सुरू होते.

आमच्या ओसरीपर्यंत आलेली तार बाहेरून काळी आणि सुतळीएवढी जाड. आत काचेचा एक तंतू, काचेच्या वेष्टनासह १२५ मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाएवढा, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून चालतो तो तर अवघा ९ मायक्रोमीटरचा. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच तारेच्या उघड्या टोकाशी डोळा लावू नये, हे तार जोडणाऱ्या पोराने मला दोनदा बजावले. इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या केंद्रातून निघालेल्या या प्रकाशाचे वाटेत एका छोट्या डबीत वाटे होतात. त्या डबीला वीज लागत नाही, तिच्यात काही फिरत नाही, ती केवळ वाटते. ३२ घरांना वाटायचे म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा होतो. आमच्या ओसरीवर पोराने मीटर लावला तेव्हा आकडा आला उणे २२, त्यांच्या भाषेत ‘मायनस बावीस’, आणि त्याचा अर्थ असा की एका वॅटचा सुमारे दीड लाखावा भाग एवढाच उजेड घरी पोहोचला होता. तेवढ्यावर घर चालते. त्याहून नवल असे की त्या ३२ घरांना येणारा प्रकाश वेगवेगळा नसतो. सर्वांचे सर्व काही सर्वांच्या दारी येते, प्रत्येक डबा आपल्या नावाचे तेवढे उचलतो आणि शेजाऱ्याचे, जे कुलूपबंद असते, ते न उघडता जाऊ देतो. कृपा सर्वांवर सारखीच वर्षते, असे कीर्तनात मी जन्मभर ऐकत आलो होतो. तिचा मीटरवर आकडा दिसेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

आता माझी फजिती सांगतो. भाद्रपदात एके सकाळी डब्यावरचा ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा तांबडा झाला. हा दिवा तांबडा म्हणजे प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही. शेजारचा ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर केंद्राने घर ओळखले, तो लुकलुकत असेल तर ओळख अजून चालू आहे, एवढे दोन दिवे वाचता आले की घरातल्या निम्म्या अडचणी फोन न करता समजतात. मला तेव्हा ते समजत नव्हते. मी फोन केला, पुन्हा फोन केला, सेवेबद्दल जे बोलू नये तेही बोललो, आणि तिसऱ्या दिवशी तोच पोरगा पावसात भिजत आला, तारेवरून हात फिरवत ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. ‘‘बाबा, तार कुठं तुटली नाही,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्हीच गाठ मारलीय.’’ उरलेली हातभर तार लोंबू नये, मांजराने ओढू नये, म्हणून मी ती खिळ्याला घट्ट गाठ मारून बांधली होती. दाव्याला मारतात तशी. त्याने गाठ सोडली, तारेचे कंकणासारखे सैल वेटोळे केले, मीटर लावला. उणे ३१ होते ते उणे २२ झाले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. चहा घेतला.

काचेतला प्रकाश आत राहतो तो कुणी कोंडला म्हणून नव्हे. गाभ्याच्या कडेशी तो इतक्या तिरक्या कोनाने पोहोचतो की बाहेर जाण्याऐवजी पुन्हा आत वळतो, आणि वळण सौम्य असेल तोवर मैलोन्‌मैल असाच वळत राहतो. वळण कडक झाले की तो कोन बिघडतो आणि प्रकाश तिथल्या तिथे भिंतीतून निसटतो. तार अखंड असते, दिवा मात्र तांबडा. आपल्या शास्त्रांनी हृदयातल्या अडचणीला ‘ग्रंथी’ म्हटले, म्हणजे गाठच म्हटले, तुटलेला धागा म्हटले नाही, याचा अर्थ मला त्या दिवशी ओसरीवर कळला. संधान कधीच तुटले नव्हते. मी जपण्याच्या नावाखाली आवळून बसलो होतो, आणि व्यवधान म्हणतात ते हेच, ज्याच्या पोटातही तोच ‘धा’ आहे: मध्ये काहीतरी ठेवून देणे.

तर ‘धा’ म्हणजे ठेवणे, आणि ठेवण्याची जागा ही काही किरकोळ गोष्ट नाही. डबा कुठे बसवायचा, असे पोराने विचारले तेव्हा मी आधी लोखंडी कपाटामागची जागा दाखवली, कारण तिथे तो दिसला नसता. मग आमच्या घरातून मत आले की देवघराच्या कोनाड्यात ठेवा, म्हणजे रोज हात जोडताना धूळही पुसली जाईल. दोन्ही जागा वाईट होत्या. लोखंड या लहरींना परतवून लावते. आमच्यासारख्या जुन्या घरांच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती त्यांना पिऊन टाकतात, पाण्याचा पिंपही पितो. अशा लहरी आमच्या डब्यातून दोन जातीच्या निघतात: २.४ गिगाहर्ट्‌झची, साडेबारा सेंटिमीटर लांबीची, जी सावकाश पण भिंती ओलांडून माजघरापर्यंत जाते, आणि ५ गिगाहर्ट्‌झची, जी वेगवान पण त्याच खोलीत रमणारी. शेवटी डबा घराच्या मध्यावर, पुरुषभर उंचीवर, उघड्यावर बसला. त्याच्या दांड्या उभ्याच ठेवायच्या असतात. दांडी ज्याच्याकडे रोखावी त्याला लहर जास्त मिळते असे पुष्कळांना वाटते आणि ते बोट दाखवल्यासारखी ती झोपायच्या खोलीकडे वळवतात. प्रत्यक्षात लहर दांडीच्या चारी बाजूंना पसरते आणि दांडीच्या टोकाच्या दिशेलाच सर्वांत कमी जाते. पुढे आम्ही धुळीसाठी त्यावर क्रोशाचा रुमालही घातला होता. आठवड्याने डबा इतका तापला की रुमाल काढावा लागला. आदराने झाकलेल्या वस्तूचा श्वास कोंडतो, हे देवघरातल्या पोथ्यांच्या बाबतीतही खरे आहे, पण तो विषय वेगळा.

ठेवणे झाले की ‘सम्’, जोडणे. मॉडेम हे नावच दोन शब्दांचा जोड आहे, मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर: पहिला संदेशाला एका वाहक लहरीवर चढवतो, दुसरा पलीकडे तो उतरवून घेतो. वाहकाला संदेशाचे ज्ञान नसते, संदेशाला वाहकावाचून गती नसते. आमच्या तालुक्याला ही गोष्ट नवी नाही. आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला वेद वदवले. शेकडो वर्षे लोक तिथे डोके टेकवतात ते वेदांच्या कर्त्याला नव्हे, वेदांचा अर्थ सांगणाऱ्यालाही नव्हे, तर ज्याच्या कंठावर वेद चढवले गेले त्या मुक्या वाहकाला, आणि जगात वाहकाची समाधी बांधून तिची पूजा करणारी माणसे फार नसतील असे मला वाटते. त्याच आळ्यापासून दूर नाही ती आर्वी, जिथे १९७१ साली परदेशांशी बोलण्यासाठीचे देशातले पहिले उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. ते केंद्र पुढे ज्या विदेश संचार निगमाकडे आले, त्याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळचे मॉडेम टेलिफोनच्या तारेला लावत आणि जोड होताना ते किंचाळत. तार माणसाच्या आवाजासाठी केलेली होती, म्हणून आकड्यांनाही आवाजाचे रूप घेऊनच तिच्यावर चढावे लागे. आजचा डबा आकड्यांना प्रकाशाचे रूप देतो आणि गप्प राहतो. रूप बदलले, वाहक बदलला, चढवणे-उतरवणे तेच राहिले.

पण ‘सम्’चा खरा अर्थ मला पुढच्या गोष्टीत सापडला, आणि इथे वाचकांनी थोडा दम धरावा. ३२ घरांना प्रकाश येतो तेव्हा गोंधळ नसतो, कारण बोलणारे केंद्र एकटे असते. उलट बाजूने ३२ घरे एकाच तंतूवरून केंद्राशी बोलू लागली तर सगळ्यांचे बोल एकमेकांवर आदळतील. म्हणून डबा पहिल्यांदा चालू होतो तेव्हा केंद्र त्याला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून हे घर किती दूर आहे ते मोजते. मग जवळच्या घराला जास्त थांबायला सांगते, लांबच्याला कमी, आणि प्रत्येकाला बोलण्यासाठी क्षणाचा एक अतिसूक्ष्म तुकडा नेमून देते, असा की सर्वांचे बोल एकापाठोपाठ एक, न धक्का लागता, येऊन पोहोचावेत. ‘पॉन’चा दिवा लुकलुकतो तो याच वेळी. आणि खोडदला काय होते? तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, टोकांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. आकाशातली एकच लहर प्रत्येक थाळीवर वेगळ्या क्षणी येते. तिचा संकेत काचेच्या तंतूंवरून मध्यवर्ती केंद्रात आणतात आणि जी थाळी आधी ऐकते तिला तेवढे थांबवून धरतात, जेणेकरून सगळ्यांचे ऐकणे एका क्षणावर यावे. तेव्हा कुठे ३० थाळ्यांची मिळून २५ किलोमीटरची एक दृष्टी होते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या दोरखंडांवर जाळी ताणून या थाळ्या हलक्या आणि स्वस्त केल्या, याचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या थांबवून धरण्याचे जास्त अप्रूप वाटते. जवळच्याने थोडे थांबावे म्हणजे दूरचा येऊन मिळतो. वारीत दिंडीचे पुढचे टोक मध्येच थांबते, ते यासाठीच.

आता ‘अनु’. डबा लागल्यावर त्याला नाव द्यावे लागते, कारण हे वायफाय कोणते ते मोबाइलला नावानेच कळते. आमच्या घरातून एकमुखी मागणी आली की नाव ‘रामकृष्णहरी’ ठेवा. ओतूरकरांना ते सांगावे लागत नाही, तुकोबारायांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात हाच मंत्र देणाऱ्या चैतन्यांच्या परंपरेतली समाधी आमच्या गावी आहे. नातू लिहू लागला आणि डबा ते नाव घेईना. कारण पुढे समजले: नावासाठी ३२ बाइटांचीच जागा असते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना, वेलांटी, ऋकार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही धरून, तीन बाइट खाते, आणि ‘रामकृष्णहरी’ची चिन्हे होतात अकरा. तेहेतीस बाइट. मंत्र एका बाइटाने बाहेर राहिला. आमच्या घरातून या ३२ च्या नियमाबद्दल जे मत व्यक्त झाले ते इथे लिहीत नाही. अखेर ‘विठ्ठल’ हे नाव ठेवले, जे अठरा बाइटांत ऐसपैस मावते.

आणि मग नातवाने सहज सांगितलेली गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही. हा डबा कुणी वापरो न वापरो, आपले नाव सतत पुकारत असतो, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा. आमच्याकडची जुनी माणसे दहाला ‘धा’च म्हणतात. मी झोपलेला असताना, घरात कुणी नसताना, सेकंदाला धा वेळा ‘विठ्ठल’. मी कबूल करतो, पहिल्या रात्री मी त्या डब्याकडे बघत बराच वेळ बसलो होतो. पण भाबडेपणाने पुढे जाऊ नये. यंत्राला पुण्य लागत नाही, आणि नुसता उच्चार हे अनुसंधान नव्हे, नाहीतर पोपटही मुक्त झाले असते. डबा पुकारतो, खिशातला मोबाइल ऐकत राहतो, ऐकणाऱ्याने ओळख धरून ठेवलेली असते म्हणून तो दारात पाय ठेवताच, न विचारता, जोडला जातो. नाम पुकारले जाते ते सर्वांसाठी, रस्त्याने जाणाऱ्यासाठीही, पण अनुसंधान लागते ते ऐकणाऱ्याच्या बाजूने. बोलणाऱ्याचे नाम आणि ऐकणाऱ्याचे अवधान, हे दोन्ही मिळून तो शब्द पुरा होतो.

नाव सर्वांना खुले आणि प्रवेश मात्र परवलीच्या शब्दाने, हीही रचना विचार करण्याजोगी आहे. हा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, आणि मोबाइल डब्याशी जोडला जातो तेव्हा तो शब्द हवेतून एकदाही जात नाही. दोघे एकमेकांना एकेक यादृच्छिक आकडा देतात, त्या आकड्यांत आपल्यापाशी असलेला गुप्त शब्द मिसळून एक किल्ली घडवतात, आणि आपली किल्ली खरी असल्याची खूण तेवढी पाठवतात. चार निरोपांत काम होते. तुकोबारायांनी आपल्याला मिळालेला मंत्र लपवला नाही, आज लाखो मुखांत तो आहे. पण त्या माघी दशमीला जे झाले ते मंत्र ऐकणाऱ्या प्रत्येकाला होत नाही. नाम उघडे असते, अनुग्रह ज्याचा त्याच्यापाशी. व्यवहाराचे एक सांगून ठेवतो: कारखान्यातून डबा येतो तेव्हा त्याच्या पोटावर जो पासवर्ड चिकटवलेला असतो तो बदलावा, आणि डब्याच्या आत शिरायचा वेगळा पासवर्ड असतो तोही बदलावा, कारण कित्येक ठिकाणी तो ‘अ‍ॅडमिन’ हाच असतो. सगळ्या गावाची एकच किल्ली असेल तर तिला किल्ली म्हणू नये.

त्या डब्याच्या आत शिरायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तत्सम आकडा लिहावा लागतो. हा पत्ता गमतीचा आहे. तो माझ्या घरी आहे, मंचरला मेव्हण्याच्या घरी आहे, घोडेगावला असेल, सातासमुद्रापार असेल, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि उंबऱ्याबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. बाहेर जाते ते घराचे एकच नाव, आणि आत कुणी काय मागितले होते ते राउटर, म्हणजे हाच डबा, आपल्या वहीत टिपून ठेवतो, म्हणजे उत्तर आले की ज्याचे त्याला देता येते. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण तुम्ही पाहिला असेलच. कल्याणहून जुन्नरकडे चढणारे तांडे सातवाहनकाळी तिथे जकातीची नाणी टाकत असे सांगतात, आणि शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, ज्यात यज्ञांतल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. येणारा-जाणारा मोजून, टिपून वाट देणारे दार, म्हणजे राउटर, आमच्या सह्याद्रीने दोन हजार वर्षांपूर्वी बसवले होते, आणि त्याला कधी रीस्टार्ट करावे लागले नाही.

आमच्या डब्याला करावे लागते. वीज जाते, ओतुरात ती जातेच. काचेला विजेचे वावडे नाही, तारेतला प्रकाश दारापर्यंत येतच असतो, पण डबा झोपतो, म्हणून आता बारा व्होल्टची एक लहान बॅटरी जोडली आहे. आणि वीज असतानाही घरातल्या यंत्रांना मिळालेला पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. अर्धी मुदत सरली की मोबाइल, कुणाला न सांगता, डब्याकडे मुदतवाढ मागतो. पूर्ण सरेपर्यंत तो थांबत नाही. ओढूनताणून दोन तास बसण्यापेक्षा अर्ध्या वाटेवर एकदा आठवण, एवढे ज्याला जमले त्याचे सुटत नाही, हे आमच्या गुरुजींनी मला पन्नास वर्षांपूर्वी सांगितले होते, आणि तेव्हा मला ते आळशी माणसाची सोय वाटली होती.

एक पापुद्रा उरला. खोडदची जागा निवडली गेली त्या कारणांत एक हे होते की डोंगरांच्या कुशीतल्या या खोऱ्यात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. तिथे येणारे संकेत इतके क्षीण असतात की ते मोजायचे एकक एका वॅटचे दशांशानंतर पंचवीस शून्ये देऊन लिहावे लागते. माझ्या घरी वॅटच्या दीड लाखाव्या भागाएवढा उजेड पुरतो म्हणून मी नवल केले; तिथे ज्या उजेडाची वाट पाहतात तो कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला असतो, आणि मोबाइलचा मनोरा, वीजवाहिनीवरची एखादी ठिणगी, एवढ्यानेही तो झाकला जातो. म्हणून त्या थाळ्यांचे निम्मे काम ऐकणे आणि निम्मे काम आजूबाजूची शांतता राखणे. संस्थेच्या पाटीवरचे अनुसंधान आणि मंदिरातले अनुसंधान हे दोन शब्द आहेत असे मी आता म्हणत नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दारे सर्वांना उघडतात. मुलांना घेऊन या. आत शिरण्यापूर्वी मोबाइल पूर्ण बंद करा, नुसता मुका करू नका, आणि परतताना आळ्याला उतरून रेड्याच्या समाधीपाशी थोडे बसा. मोबाइल त्यानंतर चालू केला तरी चालेल.